सीटी नॉर्मल, तरी अँजिओग्राफी

डोकं नेमकं किती वाजता दुखायला लागलं, हे कॅज्युअल्टीत जो येईल तो विचारत होता. वेळ मला पक्की सांगता आली. दादरला फास्ट गाडीतून उतरताना मानेतून वर अशी कळ गेली की खांबाला धरून उभा राहिलो, आणि समोर इंडिकेटरवर ८:५२ होते.

वेळेला एवढं महत्त्व का, ते नंतर कळलं. मेंदूच्या धमनीवरचा फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, फुटून मेंदूभोवती रक्त सांडलं असेल, तर पहिल्या ६ तासांत चांगल्या मशीनवर काढलेल्या आणि जाणत्या डोळ्यांनी पाहिलेल्या प्लेन (शिरेत औषध न सोडता केलेल्या) सीटीतून ते सहसा निसटत नाही. पुढे रक्त विरत जातं. आठवडा उलटला की निम्म्या पेशंटांचा सीटी कोरा दिसू शकतो.

माझा वेळेत झाला. नॉर्मल आला. बायको म्हणाली, "अहो, काही नाही ना? मग चला घरी." पण माझी थोरली बहीण अ‍ॅन्युरिझम फुटूनच गेली, हे ऐकल्यावर न्यूरोच्या डॉक्टरांनी सीटी अँजिओ लिहून दिली, म्हणजे धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचं औषध सोडून केलेला सीटी. प्लेन सीटीत रक्त दिसतं. न फुटलेला बारीक फुगवटा बहुधा दिसतच नाही.

आधी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं. शुगरची मेटफॉर्मिन ४८ तास बंद ठेवायला सांगितली. मग कोपराच्या घडीत जाड सुई. पंपाने कॉन्ट्रास्ट आत गेलं की तोंडात धातूची चव येते आणि कमरेखाली गरम वाटून चक्क चड्डी ओली झाली असं वाटतं. टेक्निशियन मुलगा आधीच म्हणाला होता, "काका, तसं नुसतं वाटतं, होत नाही." देव त्याचं भलं करो.

रिपोर्ट मात्र अर्धवट. उजव्या पोस्टिरिअर कम्युनिकेटिंग धमनीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या एका बारीक जोडधमनीच्या) उगमाशी २ मिमी फुगवटा. अ‍ॅन्युरिझम की इन्फंडिब्युलम, ठरवता येत नाही. सर्जननी समजावलं: ३ मिमीच्या वरचे फुगवटे सीटी अँजिओत शंभरातले ९५ तरी सापडतात. त्याहून लहान असले तर काही सुटतात, आणि नसलेलाही कधी दिसतो. कवटीच्या तळाशी तर हाड आणि कॉन्ट्रास्ट दोन्ही पांढरं, म्हणून वेगळं ओळखणं अवघड. इन्फंडिब्युलम म्हणजे धमनीची फाटा फुटतानाची नरसाळ्यासारखी रुंदी, तिला सहसा हात लावावा लागत नाही. शिवाय १०० प्रौढांत साधारण तिघांना न फुटलेला अ‍ॅन्युरिझम असतोच, आणि बहुतेकांचा कधी फुटत नाही. हे ऐकून बायकोला धीर आला, मला नाही.

शेवटी डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून कॉन्ट्रास्ट सोडत काढायचे एक्स-रे फोटो. संमतीपत्रावर लकव्याचा धोका छापलेला, थोडा का होईना, सही करताना हात अडखळलाच. मनगट बधिर करून नळी मानेपर्यंत नेली. मी जागा होतो. "हलू नका, गिळू नका," आणि प्रत्येक फोटोला अर्ध्या चेहऱ्यात गरम लाट, डोळ्यामागे वीज चमकल्यासारखं.

बारीक फाटा बरोबर फुगवट्याच्या टोकातून निघालेला दिसला. इन्फंडिब्युलम.

सर्जननी रिपोर्टचा कागद जेमतेम पाहिला. सीडी लावून पातळ स्लाइस पुढे-मागे फिरवत बसले होते. म्हणून सगळ्या सीडी जपून ठेवल्या आहेत. बहिणीमुळे पुढे एक कॉन्ट्रास्ट नसलेला एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवरची धमन्यांची तपासणी) करायचा आहे, तेव्हा ताडून बघायला त्या लागतील.