मशीन आमचं, स्पिरिट कामाझवाल्याचं

तातारस्तान, म्हणजे रशियातलं एक प्रजासत्ताक, म्हणलं की आपल्याकडे एकतर कोणाला काहीच आठवत नाही, नाहीतर कझानला एमबीबीएसला गेलेली कोणाची तरी पोरगी आठवते. मी तिथे गेलो होतो मशीन चालू करून द्यायला. आंबट सायीचे कप भरून सील करायचं मशीन, बनलेलं पुण्याजवळ, आणि डेअरी नाबेरेझ्निये चेल्नी शहराच्या बाहेर. २०२२ नंतर युरोपातल्या बऱ्याच कंपन्यांनी रशियातून गाशा गुंडाळला म्हणून आमच्यासारख्यांना तिकडच्या ऑर्डरी यायला लागल्या, त्याआधी आम्हाला विचारत होतं कोण. पेमेंट कसं येतं ते मात्र अकाउंट्सवाल्यांना विचारा, मला नको.

कझान ते चेल्नी रस्ता साधारण सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा, सगळा सपाट आणि जानेवारीत सगळा पांढरा. गावागावात मशिदीचा बारीक मिनार, मध्येच एखादं कांद्याच्या घुमटाचं चर्च, पाट्या रशियन आणि तातार दोन्हीत. येलाबुगाच्या इंडस्ट्रियल झोनजवळून जाताना ड्रायव्हर एकदम गप्प झाला, तिथे २०२४च्या एप्रिलमध्ये ड्रोन येऊन पडलं होतं, युक्रेनच्या सीमेपासून हजार किलोमीटरच्या वर लांब. पुढे कामा नदीवर धरण आहे आणि हायवे त्या धरणावरूनच चेल्नीत शिरतो.

तर त्या दिवशी सकाळी सहाला फोन, मशीन बंद, लवकर या. बाहेर उणे २८. जाऊन बघतो तर सीलिंग हेड खाली येऊन तिथेच बसलेलं, वर जायचं नाव नाही, मागे कपांची रांग तुंबलेली आणि टाकीत सायीचा पुढचा लॉट तयार. शिफ्ट मॅनेजर बाईंनी लगेच ऐकवलं की इंडियन मशीन थंडीत चालत नाही वाटतं. मी काही बोललो नाही, गेज बघितलं. मशीन दाबाच्या हवेवर चालतं, कॉम्प्रेसरला दाब ७ बार, मशीनपाशी जेमतेम २. म्हणजे मशीन ठणठणीत, हवाच पोचत नव्हती.

झालं असं होतं की कॉम्प्रेसर अंगणापलीकडच्या शेडमध्ये आणि तिथून पाईप उघड्यावरून हॉलमध्ये आणलेला. हवा सुकवणारा ड्रायर होता, पण साधा रेफ्रिजरेशनवाला, तो हवेतलं पाणी ३ डिग्रीच्या हिशोबाने काढतो. आपल्याकडे चाकणला तेवढं रग्गड झालं. इथे तीच हवा उणे २८ मधल्या पाईपमधून गेली की उरलेल्या पाण्याचा बर्फ होणारच, तो एल्बोपाशी, म्हणजे पाईपच्या वळणावर, साचत साचत रात्रभरात पाईप जवळजवळ बंद. लेआउट कोणी पास केला याच्यात मी पडलो नाही, ड्रॉइंगवर माझी सही नव्हती एवढं बघून घेतलं. हीट गनने एल्बो तापवला की दहा-पंधरा मिनिटं चालायचं आणि परत बंद.

मग आले म्हातारे मेकॅनिक. सगळे त्यांना आबी म्हणतात, आपल्या दादासारखं, मग मीही आबीच म्हणायला लागलो. त्यांनी पाईपला कान लावला, काहीतरी पुटपुटले आणि आपल्या कपाटातून हातभर लांबीचा एक ॲल्युमिनियमचा डबडा काढून आणला. जुन्या कामाझ ट्रकच्या ब्रेक सिस्टिममधला पार्ट. आत वात असते, खाली इथाइल अल्कोहोल भरायचं, हवा त्या वातीवरून गेली की स्पिरिटची वाफ सोबत घेऊन जाते आणि लाईनमधल्या पाण्याला गोठू देत नाही. हिवाळ्यात ब्रेकची हवा गोठली तर ट्रक थांबणार कसा, म्हणून तो जुगाड कारखान्यातूनच बसवून यायचा! स्पिरिटची बाटली वेगळ्या कुलपात, कारण आबी स्वतः थेंब घेत नाहीत पण हेल्परवर त्यांचा भरवसा नाही. एल्बो शेवटचा तापवून मोकळा केला, दोन फिटिंग जुळवून डबडा आमच्या मशीनच्या लाईनपुरता शेडमध्ये बसवला आणि मशीन सुरू.

आता क्वालिटीवाल्या मॅडम आल्या, नाक वर करून वास घेतला आणि परत बंद करायला लावलं. व्हॉल्व्हमधून सुटणारी हवा उघड्या कपांच्या डोक्यावर, आणि त्यात स्पिरिटचा वास. त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. सगळे एक्झॉस्ट नळ्या लावून भिंतीबाहेर काढले, त्यात आणखी तास गेला. मला वेगळंच टेन्शन, स्पिरिटने सिलिंडरमधलं ग्रीस धुऊन निघालं आणि सील्स फुगले तर पुण्याहून पार्ट यायला महिना.

म्हणून खरा इलाज लागलीच करायचा ठरलं, उणे ४० पर्यंत हवा सुकवणारा ॲडसॉर्प्शन ड्रायर भाड्याने आणायचा. तो मिळणार निझ्नेकाम्स्कला, कारण तिथल्या पेट्रोकेमिकल प्लांटना इन्स्ट्रुमेंट एअर, म्हणजे उपकरणं चालवायची हवा, अशीच कोरडी लागते. आबी आणि मी डेअरीची व्हॅन घेऊन निघालो. फोनवरच्या ट्रान्सलेटरवर गप्पा, अर्ध्या कळल्या. १९६९ मध्ये इथे कामाझच्या ट्रक कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा अख्ख्या सोव्हिएत युनियनमधून पोरं आली, हे त्यातलेच, दक्षिणेकडच्या तातार खेड्यातून आलेले. पहिला ट्रक १९७६ला निघाला. मध्ये काही वर्षं शहराचं नाव ब्रेझनेव्ह होतं, त्यावर ते हसले. १९९३च्या एप्रिलमध्ये इंजिन प्लांट जळाला ते सांगताना मात्र स्टिअरिंगवरचा एक हात काढून धूर केवढा होता ते दाखवत राहिले, मी म्हणलं आबी, रस्त्याकडे बघा. त्यांचा धाकटा भाऊ अल्मेत्येव्स्कला तेलाच्या विहिरींवर. तिथलं रोमाश्किनो तेलक्षेत्र १९४८ला सापडलं आणि या भागाचं नशीब पालटलं. त्यातूनच पुढे निझ्नेकाम्स्कचं रबर आणि प्लास्टिक, आमचे कपसुद्धा म्हणे तिथल्याच पॉलिस्टायरीनचे. बहिणीचा फोन आला तर तातारमध्ये बोलले, ड्रायरवाल्याशी रशियनमध्ये घासाघीस केली. प्रजासत्ताकात निम्म्याहून थोडे जास्त तातार, चाळीसेक टक्के रशियन, बाकी चुवाश वगैरे, त्यामुळे दोन्ही भाषा लागतातच. पण २०१७ पासून शाळेत तातार ऐच्छिक झाली आणि नात आता त्यांच्याशी रशियनच बोलते, हे त्यांनी दोनदा टाईप करून दाखवलं.

रात्री आठच्या सुमारास ड्रायर लाईनवर चढला, आबींनी डबडा काढून पुसून परत कपाटात ठेवला. कॅन्टीनमध्ये दुधाचा चहा मिळाला, तातार लोक चहात दूध घालतात, आणि त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं. सोबत त्रिकोणी एच्पोच्माक होते, पण आत बीफ, म्हणून मी मधातल्या चकचक नावाच्या गोडावर ताव मारला.

शिफ्ट मॅनेजर बाई मशीनबद्दल परत काही बोलल्या नाहीत. ड्रायरचं भाडं आम्ही द्यायचं की डेअरीने, यावर मेलामेली अजून चालू आहे, आणि पाईपवर हीटिंग केबल अजूनही लागलेली नाही.