कुठला चंद्र?

मी मोडी वाचतो. गिऱ्हाइकं बहुतेक वतन-इनामाचे कागद घेऊन येतात. गेल्या वर्षी मात्र व्हिडिओ गेम बनवणारी तीन पोरं आली. त्यांच्या कल्पित राज्यात राजाची तपासणी कचेरी होती आणि खेळणारा तिथला तपासनीस. त्यानं एक बनावट पत्र ओळखायचं. ते पत्र मी लिहायचं, शिवाय कचेरीतली बाकीची चौदा खरी पत्रंही.

"सर, 'ध'चा 'मा' करू या ना," एकजण म्हणाला. मी हात जोडले. ती आख्यायिका शाळकरी पोरालाही पाठ असते, मग तपास कसला करणार?

मी खोट तारखेत घातली. पेशवाईतल्या पत्रांत वर्ष शुहूर सनाचं, अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, आणि ते बदलतं मृग लागल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मे 1773 मधल्या पत्रावर 'सलास सबैन मया व अलफ', शुहूर सन 1173. त्याच वर्षी 30 ऑगस्टला नारायणरावांचा खून झाला तेव्हा 'अर्बा सबैन', म्हणजे 1174, लागलेलं होतं. मृगानंतर बसून मागल्या तारखेचं पत्र रचणारा सवयीनं नवं वर्ष लिहून जाऊ शकतो. कुणी जुना कागद दाखवला की मी स्वतः आधी तारीखच बघतो.

बोरू घेतला. आधी सबंध ओळीची शिरोरेघ, मग तिला लटकवलेली अक्षरं, शब्दांमध्ये जागा न सोडता. काम छान साधलं होतं. स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू?

चाचणीला कॉलेजातली एक मुलगी बसवली. पडद्यावर पत्र, बाजूला माझंच टिपण. दहा मिनिटांत ती म्हणाली, "हे खोटं आहे."

"वर्ष पाहिलंस ना?" मी खुलून विचारलं.

"वर्षापर्यंत गेलेच नाही. काका, हे 'छ 9' आहे ना, टिपणात लिहिलंय की छ म्हणजे चंद्र. चंद्र दिसल्यापासूनचा नववा दिवस."

"बरोबर."

"पण कुठला चंद्र?"

तिनं माउस फिरवून कचेरीची खिडकी दाखवली. बाहेर, देवळाच्या शिखरावर, दोन चंद्र. एक मोठा, एक लिंबाएवढा. इतके दिवस मी त्या खिडकीकडे पाहिलंच नव्हतं. माझं लक्ष कागदांवर. आणि तिच्या हिशेबानं माझी पंधराच्या पंधरा पत्रं बनावट ठरत होती!

पोरं हसत सुटली. मला घाम फुटला.

मग चौदा पत्रं परत घेऊन बसलो. मोठा तो थोरला, लहान तो धाकटा. जुन्या कारकुनांसारखा संक्षेप करून 'छ थो॥ 9', 'छ धा॥ 3' असं लिहीत गेलो. बनावट पत्रावर तेवढा नुसता 'छ' राहू दिला, आणि पोरांनी गोष्टीत एक ओळ वाढवली: ते रचणारा कारकून एकाच चंद्राच्या मुलखातून आलेला.

माझी मृगाची खोट अजून तिथंच आहे. तिच्यापर्यंत कुणी पोचतच नाही.