कंट्रोलही कोरा

चवथीच्या सुट्या संपल्यावर डिचोलीकडून आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आलेली बरणी उघडली आणि वासानेच कळलं. जठराचा मोठा तुकडा न उघडता कोंबलेला, तळाशी जेमतेम दोन बोटं फॉर्मलिन (ऊती टिकवणारं द्रावण), आणि तीन दिवस तसाच. फॉर्मलिन तासाला साधारण १ मिलिमीटर आत शिरतं. ते नमुन्याच्या १० ते २० पट लागतं. जठर मोठ्या वक्रतेच्या बाजूने उघडून, पिनांनी ताणून मगच बुडवायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे सांगून सांगून थकलो.

गाठ वरच्या भागात, कर्कपेशींभोवती लिंफोसाइटची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, दाटी. असं दिसलं की एप्स्टीन-बार विषाणू तपासायचाच. जगभरात जठराच्या दर दहा-बारा कर्करोगांत एकात तो सापडतो. रक्तातली प्रतिपिंडं कामाची नाहीत, ती बहुतेक प्रौढांत असतातच. पीसीआर आजूबाजूच्या लिंफोसाइटमधला विषाणूही पकडतो. इबर प्रोब विषाणूच्या आरएनएला चिकटतो आणि केंद्रक रंगतं, ते कर्कपेशीचं की लिंफोसाइटचं हे डोळ्यांनी दिसतं.

स्लाइड कोरी आली. ‘निगेटिव्ह’ लिहायला घेतलं, तेवढ्यात टेक्निशियन ताई म्हणाल्या, “सर, यू-६ पण कोरंच आहे.” हा कंट्रोल प्रोब प्रत्येक पेशीत रंगायला हवा. बॅचमधली पॉझिटिव्ह स्लाइड मात्र गडद रंगली होती. म्हणजे रसायनं ठीक, ऊतीतला आरएनएच, तो तोडणाऱ्या आरएनेज एन्झाइमांनी संपवलेला.

एंडोस्कोपीच्या बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेली ऊती) मागवला. तांदळाएवढे तुकडे, लगेच फॉर्मलिनमध्ये टाकलेले. ४ मायक्रॉनचे काप, तोच प्रोब: कर्कपेशींची केंद्रकं एकजात रंगली. डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन एमएलएच-१ शाबूत. विषाणू असलेल्या या प्रकारात लसिकाग्रंथींत पसरण्याचं प्रमाण कमी असतं, इम्युनोथेरपीचा विचारही करता येतो. केवढा फरक!

त्याच रुग्णाच्या रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं, म्हणून वॉर्डात ‘यकृतात पसरलाय का?’ अशी चिंता. नळीतला सीरम गुलाबी होता, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या; तो आकडा रिपोर्टमध्ये जायला नकोच होता. तांबड्या पेशींत हे एन्झाइम सीरमच्या कित्येक पट असतं. नळी थेट बर्फाला टेकली की त्या फुटतात. नव्या नमुन्यात ते नॉर्मल आलं.

किट पुरवून वापरायला यू-६ची स्लाइड गाळायची आमच्याकडे पद्धत होती. जुन्या रजिस्टरात इबर निगेटिव्हच्या किती नोंदींपुढे कंट्रोल आहे ते बघतोय. नसलेल्यांचे ब्लॉक कपाटातून काढायला घेतलेत.