तुम्ही विचारलेत म्हणून: ‘नजरचूक’ हा शब्द मी कसा सोडला

शाळेचे शेवटचे वर्ष संपत आल्यापासून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. घरी आलेले पाहुणे आधी टक्केवारी विचारतात आणि ती ऐकून झाली की, बहुधा बोलणे तिथेच थांबू नये म्हणून, पुढे विचारतात, “ते असो, पण एवढ्या वर्षांत शाळेत तू नेमके काय शिकलीस?” खालच्या वर्गांतील मुलेही हेच विचारतात, फक्त त्यांना उत्तर खरोखरच हवे असते. बराच काळ मी ‘खूप काही’ असे म्हणून वेळ मारून नेत असे. नीट विचार करून सांगायचे, तर माझे उत्तर एका ओळीचे आहे: ‘नजरचूक’ हा शब्द मी वापरायचा सोडला. हे ऐकून विचारणाऱ्याचा बहुतेक वेळा हिरमोड होतो, म्हणून जरा विस्ताराने सांगते.

तपासलेली उत्तरपत्रिका हातात पडली की ती पाहण्याची माझी एक ठरलेली रीत होती. आधी एकूण गुण पाहायचे, मग ते पुन्हा मोजून बेरजेत आपले काही बुडाले तर नाही ना याची खात्री करायची आणि शेवटी घडी घालून ती दप्तराच्या तळाशी सारायची. चुकलेल्या उत्तरांकडे ओझरती नजर जाई तेव्हा मनात एकच वाक्य तयार असे: हे मला येत होते, घाईत चुकले. नववीतल्या गणिताच्या एका चाचणीनंतर मात्र बाईंनी उत्तरपत्रिका घरी नेऊ दिल्या नाहीत. प्रत्येकाने आपापल्या चुकांची यादी करून, ती चूक होताना डोक्यात काय चालले होते हे समोर लिहावे, असे त्यांनी सांगितले. माझ्या अकरा चुका होत्या. मी अकराही ओळींसमोर ‘नजरचूक’ असे लिहून वही पुढे केली. बाईंनी पेन्सिलीने त्यांतल्या सहा ओळींवर खुणा केल्या आणि विचारले, “नजर चुकते हे मान्य, पण ती दर वेळी एकाच ठिकाणी कशी चुकते?”

त्या सहाही ओळींत कंसाच्या आधी ऋण चिन्ह होते. ५ − (क्ष − ३) हे मी ५ − क्ष − ३ असे सोडवून २ − क्ष असे उत्तर काढले होते, खरे उत्तर ८ − क्ष आहे. ५ − (क्ष + ३) चे उत्तर मी ८ − क्ष लिहिले होते आणि तिथे ते २ − क्ष हवे होते. दोन्ही उदाहरणे शेजारी मांडल्यावर दिसले की मी गोंधळलेली मुळीच नव्हते. उलट मी एक नियम कमालीच्या शिस्तीने पाळत होते, तो असा की कंसाबाहेरचे चिन्ह फक्त आतल्या पहिल्या पदाला लागते. हा नियम मला कोणीही शिकवलेला नव्हता. कंसाआधी धन चिन्ह असलेल्या उदाहरणांत त्याने उत्तर बरोबर येते आणि सुरुवातीची बरीचशी उदाहरणे तशीच असतात, त्यामुळे तो माझ्या डोक्यात बिनबोभाट वाढला असावा. अशा नियमाची चूक कितीही सावकाश आणि कितीही एकाग्रतेने उदाहरण सोडवले तरी होणारच. ‘पुढच्या वेळी लक्ष देईन’ हा माझा नेहमीचा निश्चय का टिकत नसे, ते तेव्हा कळले. लक्ष देऊनच मी चुकत होते.

पुढे वाचनात आले की हे माझे एकटीचे वैशिष्ट्य नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या बेरीज-वजाबाकीतील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या अनेक चुका वेड्यावाकड्या नसून एखाद्या चुकीच्या रीतीचे तंतोतंत पालन असतात, हे त्यांनी त्यात दाखवले आणि संगणकाच्या आज्ञावलीतील दोषाला वापरला जाणारा ‘बग’ हाच शब्द अशा रीतींना दिला. समजा, एखादे मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, मग तो वर असो की खाली. त्याला ५४२ मधून २६७ वजा करायला सांगितले तर ते ३२५ असे उत्तर देईल. खरे उत्तर २७५ आहे. ज्याला ही रीत ओळखता आली, त्याला ते मूल पुढच्या गणिताचे कोणते चुकीचे उत्तर लिहील हे आधीच सांगता येते. उत्तरपत्रिकेवरची लाल फुली एवढे सांगू शकत नाही. चूक कुठे झाली ते ती दाखवते आणि का झाली याबद्दल मौन पाळते. शाळेविषयी माझी तक्रार असेलच तर ती एवढीच आहे, पण चाळीस उत्तरपत्रिका एका रात्रीत तपासणाऱ्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कशी करावी, हेही मला समजते.

त्या दिवसापासून मी चुकांची एक वेगळी वही ठेवली. पानावर तीन रकाने आखले: काय लिहिले, काय हवे होते आणि मी कोणता नियम पाळत होते. तिसरा रकाना भरायला कधी कधी आठवडा लागे. खऱ्याखुऱ्या नजरचुकाही सापडल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. प्रश्नातले ३६ मी उत्तरात ६३ असे उतरवून घेतले होते आणि त्यामागे कोणताही नियम नव्हता. पण अशा चुका चारात एखादीच निघे.

विज्ञानात ही वही वेगळ्याच कारणाने उपयोगी पडली. धडा पिवळ्या रेघा मारत चार वेळा वाचला की ‘येतेय’ अशी एक उबदार भावना मनात निर्माण होते आणि मी तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवत असे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने तो एकदा वाचून, न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे ५६ टक्के मजकूर सांगता आला आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के. मी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहू लागले तेव्हा ती उबदार भावना पहिल्या दहा मिनिटांतच विरली. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या मला घडाघडा येत होती, पण ‘झाडाचे लाकूड कशापासून बनते?’ असे स्वतःला विचारले तेव्हा माझ्या हाताने ‘मातीपासून’ असे लिहिले. लाकडातला कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्या व्याख्येतच दडलेले होते आणि मला ते कधी दिसले नव्हते.

या चुकीत मला सोबत मात्र चांगली मिळाली. झाड मातीवर वाढते हा समज पूर्वापार चालत आलेला होता. सतराव्या शतकात यान बॅप्टिस्टा व्हॅन हेल्मॉंट या शास्त्रज्ञांनी तो तपासण्यासाठी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंड वजनाचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती जेमतेम दोन औंसांनी घटली. म्हणजे झाड मातीपासून बनत नाही हे त्यांनी सिद्ध केले, पण मग ते पाण्यापासूनच बनते असा निष्कर्ष काढून तेही चुकले, कारण हवेचा विचार त्यांच्या हिशेबातच नव्हता. मला ही हकीकत फार आवडते. पाच वर्षांच्या चिकाटीला कोणी नजरचूक म्हणू शकणार नाही.

अभ्यासाबाहेर या वहीचा उपयोग होईल असे मला वाटले नव्हते आणि तसा तो एकदाच झाला. दहावीच्या गटप्रकल्पात चौघींनी आपापला भाग लिहिला होता. सादरीकरणाच्या आदल्या रात्री मी एका मैत्रिणीचा भाग तिला न विचारता संपूर्ण बदलला, वाक्ये सुधारली, आकृती नव्याने काढली आणि आपण गटाला मदत केली या समाधानात झोपले. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा तिने कागदाकडे पाहिले आणि वर्गासमोर शांतपणे म्हटले, “हा भाग मी वाचून दाखवू शकते, पण यावर प्रश्न विचारलेत तर मला उत्तर देता येणार नाही, कारण हा माझा नाही.” मधल्या सुट्टीत मी तिला ‘अगं, घाईत झाले, सांगायचे राहून गेले’ असे सांगायला गेले आणि वाक्य अर्ध्यावर असतानाच ते मला ओळखीचे वाटले. आधीच्या वर्षीच्या नाटकात, वर्गाच्या भित्तीपत्रकात, अगदी धाकट्या भावाच्या चित्रकलेच्या गृहपाठातही मी हेच केले होते. वहीत लिहिताना तिसरा रकाना या वेळी लगेच भरला: काम चांगले होणे म्हणजे ते माझ्या पद्धतीने होणे. मैत्रीण महिनाभर जेवढ्यास तेवढे बोलत होती. त्यानंतरच्या प्रकल्पात मी तिच्या भागाला हात लावला नाही. त्यातली दोन वाक्ये मला अजूनही लांबलचक वाटतात.

माझे गुण यामुळे एकदम वाढले का, असेही विचारले जाते. गणितात थोडे वाढले, भाषेत होते तेवढेच राहिले आणि इतिहासात एकदा कमीही झाले. उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी जाणे मात्र थांबले.

वहीतली सर्वांत ताजी नोंद मागच्या आठवड्यातली आहे. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती, या प्रश्नाला मी ‘शून्य’ असे उत्तर लिहिले होते. त्या क्षणी शून्य असतो तो वेग. त्वरण चेंडू वर जाताना, खाली येताना आणि नेमक्या त्या क्षणीही खालच्या दिशेने सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकेच असते. पहिले दोन रकाने मी त्याच दिवशी भरले. तिसऱ्यात आधी ‘जे थांबले त्याचे सगळेच थांबते’ असे लिहिले होते, पण ते मला पुरेसे पटले नाही, म्हणून खोडले. तो रकाना सध्या रिकामा आहे.