नमुना किती मिलिलिटर?

अर्जाच्या सातव्या पानावर एक रकाना होता: ‘प्रत्येक सहभागीकडून घ्यावयाच्या नमुन्याचे प्रमाण (मिलिलिटर)’. माझा नमुना म्हणजे माणसाचा आवाज. मी ‘लागू नाही’ असं लिहिलं. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला, वर शेरा: ‘रकाना अपूर्ण.’

माणसांवर होणारं संशोधन आधी तपासणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी मिळवायला मला साडेचार महिने लागले. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

मी संगणकशास्त्रात पीएचडी करते. पार्किन्सन झालेल्या माणसाचा आवाज हळूहळू बारीक आणि सपाट होत जातो, त्यात एक थरथर येते. हा बदल मॉडेलला, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, कितपत पकडता येतो, हा माझा विषय. गाईड आमच्याच विभागातले सर, को-गाईड न्यूरॉलॉजीच्या मॅडम आणि सल्ल्याला भाषाविज्ञानातले एक सर. नोंदणी, को-गाईडची मान्यता, तीन विभागप्रमुखांच्या सह्या, सगळं पंधरा दिवसांत उरकलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तीन विभाग एकत्र आले की काम तिप्पट चांगलं होतं की नाही माहीत नाही, पण अर्ज तिप्पट लांब होतो हे नक्की. मला नुसता लांबवलेला ‘आ’ रेकॉर्ड करायचा होता. भाषाविज्ञानाचे सर म्हणाले, ‘आ’ काढताना कोणी बोलत नसतं, मोकळ्या गप्पा घे. मॅडम म्हणाल्या, लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या गोळीचा, डोस घेऊन किती वेळ झाला ते प्रत्येक रेकॉर्डिंगला लिहून ठेव, गोळी लागू पडलेली असताना आणि तिचा असर उतरल्यावर माणूस वेगळा असतो. दोघांचंही बरोबर होतं. पण मोकळ्या गप्पांत लोक मुलांची नावं सांगतात, डॉक्टरांची नावं सांगतात, आणि डोसच्या वेळा म्हणजे वैद्यकीय माहिती. आवाजाच्या साध्या प्रकल्पाचं हे असं होत गेलं.

(त्याच सरांनी माझी पहिली चाचणीही मोडीत काढली, ते चांगलंच झालं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी खुल्या केलेल्या आवाजांच्या डेटावर मी सराव करत होते. त्यात १९५ रेकॉर्डिंग आहेत, पण माणसं फक्त ३१, त्यातली २३ पार्किन्सनची. मी रेकॉर्डिंग सरमिसळ करून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायला) आणि टेस्ट (ते तपासायला) असे दोन भाग पाडले होते. आकडे झकास आले. सरांनी विचारलं, “एकच माणूस दोन्हीकडे आहे का गं?” होता. मॉडेल आजार नव्हे, माणूस ओळखत होतं. विभागणी नेहमी माणसांनुसार करा, आणि ते अर्जातच लिहा. कमिटीत संख्याशास्त्रातलं कोणी असेल तर पहिला प्रश्न तोच येतो.)

तर मिलिलिटर. मी कार्यालयात जाऊन समजावलं की आवाज मोजायला मिनिटं लागतात. तिथले लिपिक शांतपणे म्हणाले, “मग शून्य लिहा.” शून्य लिहिलं. तेवढ्यासाठी एक बैठक हुकली होती, आणि बैठक महिन्यातून एकदाच होते.

दुसऱ्या वेळी अडलं ‘अनामिक’ या शब्दावर. सगळे लिहितात तसं मीही लिहिलं होतं, ‘डेटा अनामिक ठेवला जाईल.’ कमिटीत वैद्यकीय आणि कायद्याच्या लोकांशिवाय एक सर्वसामान्य सदस्यही असतात. त्या बाईंनी विचारलं, “नाव काढलं तरी माझ्या मुलाला माझा आवाज कळेलच ना?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘अनामिक’ खोडून ‘सांकेतिक क्रमांकाने साठवलेला’ असं लिहिलं, क्रमांक आणि नावांची यादी मॅडमच्या कुलुपात ठेवायचं ठरवलं आणि गप्पांमधली नावं हाताने कापायचं मान्य केलं. हे शेवटचं काम किती किचकट आहे ते तेव्हा कळलं नव्हतं.

तिसरी वेळ मात्र मी विसरणार नाही. १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून सहभागी माणसाला कधीही माघार घेता येते. रक्ताचा नमुना असेल तर नळी नष्ट केली की झालं. कमिटीने विचारलं, ट्रेनिंग झाल्यावर कोणी माघार घेतली तर त्याचा आवाज मॉडेलमधून कसा काढणार? मी खरं ते लिहिलं: फाइल पुसता येईल, पण तिच्यामुळे मॉडेलच्या लाखो आकड्यांत जो किंचित फरक पडला, तो वेगळा काढता येत नाही. उत्तर आलं की मग संमतिपत्रातलं ‘कधीही माघार घेऊ शकता’ हे वाक्य खोटं ठरतं.

मला इतका संताप आला की दोन दिवस मी अर्ज उघडलाच नाही. मग वाचायला बसले. शिकवलेलं मॉडेलला विसरायला लावण्यावर २०१५पासून संशोधन चालू आहे. एका पद्धतीत डेटाचे तुकडे पाडून प्रत्येकावर वेगळं मॉडेल शिकवतात, आणि कोणी माघार घेतली की तेवढाच तुकडा पुन्हा शिकवतात. पंधरा दिवस खपून मी नऊ पानांची योजना लिहिली आणि गाईड सरांपुढे ठेवली. ती चाळत सर म्हणाले, “तुझी माणसं ऐंशी. मॉडेल एवढंसं. त्या माणसाला वगळून सगळंच पुन्हा ट्रेन कर की. चार तास लागतील.”

नऊ पानांच्या जागी दोन ओळी गेल्या.

तरी एक गाठ उरलीच. मॉडेल सगळ्यांना वापरायला दिलं की परत कसं घेणार? शिवाय एखाद्या माणसाचा डेटा ट्रेनिंगमध्ये होता का, हे मॉडेलच्या उत्तरांवरूनही ताडता येऊ शकतं, हे २०१७मध्ये दाखवलं गेलंय. शेवटी संमतिपत्रात लिहिलं की निकाल प्रसिद्ध होईपर्यंत माघार घेता येईल, आणि मॉडेल खुलं केलं जाणार नाही. आमच्या विभागात या दुसऱ्या अटीवर नाकं मुरडली गेली. कोड खुला, मॉडेल बंद, यावर तह झाला.

कमिटीचा तो प्रश्न योग्य होता, हे आता मान्य करते. तो पहिल्याच वेळी विचारला असता तर दोन बैठका वाचल्या असत्या, हेही तितकंच खरं. म्हणून अर्ज देण्याआधी कमिटीच्या सदस्य-सचिवांना भेटा. अर्धा तास मागा, मिळतो. मला हे मंजुरीनंतर कळलं.

संमतिपत्र मोठ्या अक्षरांत छापा. थरथरत्या हाताला सहीसाठी अरुंद रेघ पुरत नाही; आमची पहिली वीस पत्रं त्यापायी पुन्हा छापावी लागली.

आणि मंजुरी वर्षाची असते, पण वर्ष बैठकीच्या तारखेपासून मोजतात, पत्र हातात पडल्यापासून नाही. माझे २१ दिवस असेच गेले. नूतनीकरणाचा अर्ज दोन महिने आधी द्यायचा असतो, म्हणजे माझा पुढच्या आठवड्यात.