खुराड्याची जाळी

खानापूरकडं रान परसाला लागूनच, त्यामुळे दिवसा मुंगूस, रात्री उदमांजर आणि रानमांजर ठरलेलं. षटकोनी कोंबडीजाळीवर भिस्त ठेवू नका, कुत्रं ती दातांनी फाडतं. अर्धा इंची वेल्डेड जाळीच घ्या, वायसर घालून स्क्रूनं आवळा.

मुंगूस भिंतीच्या कडेलाच उकरतं. म्हणून जाळी तळाशी बाहेर वळवून दीड फूट जमिनीवर पसरा, वर चिरे दाबा. पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून कड उघडी पडते, तेव्हा बघाच!

दाराला कडी आणि वर खटका. फटीतून बोट जात असेल तर पिल्लू सापाच्या तोंडी गेलंच समजा. अंडी तिन्हीसांजेआधी उचला. शिक्रा, म्हणजे पिल्लं उचलणारा शिकारी पक्षी, दिसला की पिल्लं डालग्याखाली, म्हणजे कोंबड्या झाकायच्या टोपलीखाली.