आमची वाटचाल : एकदाच उघडणारा व्हॉल्व्ह

आम्ही बनवतो तो व्हॉल्व्ह आयुष्यात एकदाच उघडतो. उपग्रहाच्या इंधनाच्या नळीत तो बसतो, कधी दोन महिने तर कधी पंधरा वर्षं बंद राहतो, आणि जमिनीवरून हुकूम जाईल त्या दिवशी त्याने उघडायचंच असतं. नाही उघडला तर पाना घेऊन तिथे कुणी जाणार नाही. या कामात आम्हाला ११ वर्षं झाली. सुरुवात चौघांनी केली, आज आम्ही १७ जण आहोत.

त्याआधी मी एका कारखान्यात पायरो व्हॉल्व्हच्या बॉडी तपासायचे. पायरो व्हॉल्व्हमध्ये छोटं स्फोटक काडतूस असतं. ते उडालं की पिस्टन पुढे येतो, नळीतला बंद तुकडा कापला जातो आणि वाट मोकळी होते. सगळा मामला काही मिलिसेकंदांचा. अवकाशयानांमध्ये हे व्हॉल्व्ह कित्येक दशकं चालत आलेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक बॉडीकडे बघताना एक गोष्ट सलायची : जो नग यानात जाणार, तो आधी चालवून बघता येत नाही. लॉटमधले काही नग उडवायचे, ते सगळे चालले की उरलेल्यांवर विश्वास टाकायचा.

धक्क्याचा प्रश्न आणखी वेगळा. मार्स ऑब्झर्व्हर या यानाची गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. २१ ऑगस्ट १९९३ ला, मंगळाच्या कक्षेत शिरायला तीन दिवस उरले असताना, इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब भरण्यासाठी पायरो व्हॉल्व्ह उडवायचे होते. त्या धक्क्याने ट्रान्समीटर बिघडू नये म्हणून तो आधी बंद केला होता. त्यानंतर यानाकडून काहीच आलं नाही. चौकशी समितीने सर्वांत संभाव्य कारण म्हणून बोट ठेवलं ते नळीत गळत साचलेल्या ऑक्सिडायझरवर, म्हणजे इंधन जाळणाऱ्या द्रवावर. त्याची नळीतच इंधनाशी गाठ पडली असावी. पायरो व्हॉल्व्ह हेच सर्वांत संभाव्य कारण असं समितीने म्हटलं नाही, मीही म्हणत नाही. पण ऐन मोक्याच्या क्षणी काय झालं ते कुणालाच दिसलं नाही, कारण धक्क्याच्या भीतीने यानाचा आवाज बंद ठेवावा लागला होता. हे मला कधीच पचलं नाही.

निटिनॉल माझ्या हातात आलं ते एका वायरच्या रूपात. निकेल आणि टायटॅनियम जवळपास निम्मे-निम्मे. अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी यावर काम सुरू केलं, आणि दोन धातूंची व त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरं मिळून हे नाव झालं. थंड असताना हा धातू मार्टेन्साइट अवस्थेत असतो. मऊ असतो, वाकवला की वाकलेलाच राहतो. तापवला की ऑस्टेनाइट होतो आणि मूळच्या आकारात परत येतो. वायर बघून सगळे हरखतात. मी हरखले ते पुढच्या गोष्टीने : परत येताना त्याला अडवलं, तर तो प्रचंड जोर लावतो. दर चौरस मिलिमीटरला ५० किलोच्या आसपास वजनाइतका. १९९४ च्या क्लेमेंटाइन यानात याच तत्त्वावर, तापलेल्या निटिनॉलच्या नळकांड्याने बोल्ट ताणून तोडले होते. बोल्ट तुटतो, तर नळी का तुटू नये?

आमची रचना सांगायला सोपी आहे. १० मिलिमीटर व्यासाचा, ४० मिलिमीटर लांबीचा निटिनॉलचा दांडा घ्यायचा. प्रेसमध्ये दाबून साधारण दीड-पावणेदोन मिलिमीटरने आखूड करायचा. तो व्हॉल्व्हच्या बॉडीत बसवायचा, भोवती हीटर गुंडाळायचा. समोर टायटॅनियमचा बंद तोंडाचा तुकडा, ज्याच्या मानेवर मुद्दाम खाच घेतलेली असते. हीटर चालू झाला की दांडा लांब होऊ पाहतो, मान ताणली जाते आणि खाचेवर तुटते. इंधन वाहू लागतं. बारूद नाही, धूर नाही, इंधनात जाणारे जळके कण नाहीत. आणि मला हवी होती ती गोष्ट : दांडा पुन्हा दाबता येतो. म्हणजे यानात जाणारा दांडाच आधी तापवून बघता येतो, जोर मोजता येतो, मग परत दाबून बसवता येतो. मान मात्र नाही, ती तुटली की संपली. तिची परीक्षा त्याच बारमधून, म्हणजे धातूच्या त्याच सळईतून, काढलेल्या भावंडांवर घ्यावी लागते.

कागदावर हे सगळं महिन्याभरात झालं. लेथवर दांडा लावला आणि खरं काम सुरू झालं.

निटिनॉल टूलखाली येता येता कडक होत जातं. आमचे टर्नर काका, ज्यांनी उभी हयात टायटॅनियम कापण्यात घालवली, पहिल्या दिवशी इन्सर्टची, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाची, धार बघून एवढंच म्हणाले, “हे लोखंडासारखं वागवून चालणार नाही.” मग वायरकटवर गेलो, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून धातू कापणाऱ्या मशीनवर. तिथे तुकडा छान सुटला, पण पृष्ठभागावर वितळून पुन्हा थिजलेला पातळ थर राहिला. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागत नाही. चौथ्यांदा दाबताना एका दांड्याला त्या थरातून बारीक तडा गेला तेव्हा आम्हाला तो भेटला. तेव्हापासून वायरकटनंतर तो थर ग्राइंडिंगने पूर्ण काढल्याशिवाय दांडा प्रेसला लागत नाही. काकांनी तो नियम स्वतःच्या हाताने लिहून मशीनवर चिकटवला, अजून तोच कागद आहे.

पण आम्हाला खरं जेरीस आणलं तापमानाने. पहिल्या कस्टमरची मागणी स्पष्ट होती. ८० अंशांपर्यंत व्हॉल्व्ह काही झालं तरी हलता कामा नये, कारण उन्हाकडे तोंड असताना यानाचा तो भाग तापतो. आणि १२० च्या आत मान तुटलीच पाहिजे, कारण पलीकडे हायड्रॅझिन हे इंधन उभं आहे. हायड्रॅझिनला उष्णता मानवत नाही. तापलं की विघटन सुरू होतं, त्यातून वायू आणि आणखी उष्णता. ४० अंशांची खिडकी. आम्ही बारचा तुकडा डीएससी यंत्रात, म्हणजे तापवताना धातूची अवस्था कुठे बदलते ते दाखवणाऱ्या यंत्रात, तपासला, बदल ८८ ला सुरू होऊन १०२ ला पूर्ण होत होता. पूर्ण खिडकीच्या आत. त्या दिवशी सगळे खुशीत घरी गेलो.

व्हॅक्यूम चेंबरमध्ये पहिला व्हॉल्व्ह ठेवला. ९०, १००, ११०. काही नाही. १२० ला नियमाप्रमाणे हीटर बंद झाला. चेंबर उघडलं, मान शाबूत. दुसरा, तिसरा, तेच. तिसऱ्याला नियम मोडून तापवत नेलं, तेव्हा १३१ ला टक् असा आवाज आला. चेंबरमध्ये हवा नसते, तो आवाज धातूतून टेबलात आणि टेबलातून आमच्या कोपरात आला. मी आधी हीटरवर संशय घेतला. मग तापमान मोजणारं थर्मोकपल चिकटवण्याच्या डिंकावर. मग मानेच्या जाडीवर. खाच आणखी खोल केली, तर कंपन चाचणीत मान टिकेना. जवळजवळ दोन महिने असे गेले. कस्टमरच्या इंजिनिअरनी फोनवर विचारलं, “मॅडम, तुमचा धातू तुम्हाला नक्की माहीत आहे ना?” त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही, कारण तो योग्य होता.

उत्तर सापडलं आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलीला. ती धातुशास्त्र शिकून आली होती. तिने विचारलं, “ताई, डीएससीला लावलेला तुकडा दाबण्याआधीचा होता की नंतरचा?” आधीचा होता. तिने दाबलेल्या दांड्यातून, भरपूर कूलंट सोडून, हळूहळू एक चकती कापली आणि तिचा कण यंत्रात ठेवला. पहिल्या तापवणीत बदल १०९ ला सुरू झाला. तोच कण थंड करून पुन्हा तापवला, तर ८८.

मार्टेन्साइटमध्ये सूक्ष्म थर असतात, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. दाबलं की ते थर एका दिशेला वळतात आणि तिथे अडकून बसतात. परत फिरायला त्यांना जास्त उष्णता लागते. एकदा फिरले की अडकण संपते, म्हणून दुसऱ्या तापवणीत आकडा खाली येतो. वायरचा पंख किंवा रोबोटचा हात बनवणाऱ्याला ही पहिली तापवणी फारशी आडवी येत नाही, त्याची वायर हजारो वेळा तापते. आमचा व्हॉल्व्ह फक्त पहिलीच तापवणी बघतो. आम्ही इतके दिवस चुकीची तापवणी मोजत होतो. शिवाय मान ताणली जात असताना दांड्यावर दाब वाढतो, आणि दाब वाढला की बदलाचं तापमान आणखी वर जातं. १३१ चा हिशोब त्या संध्याकाळी फळ्यावर पूर्ण जुळला.

मग आम्ही उलटा विचार केला. ज्याचा कागदावरचा आकडा ७० ला सुरू होतो अशी बार निवडली. या धातूत निकेल निम्म्यापेक्षा दशांश एक टक्का जास्त झालं तरी तापमान सुमारे १० अंशांनी खाली येतं, त्यामुळे बार निवडताना प्रत्येक हीट नंबर, म्हणजे एकत्र वितळवलेल्या धातूची प्रत्येक खेप, स्वतः तपासावी लागते, मिलच्या सर्टिफिकेटवर भागत नाही. दाबणंही थोडं कमी केलं. दांडा तीन वेळा दाबायचा, तीन वेळा तापवायचा, आणि चौथ्यांदा दाबून बसवायचा. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर तापमानाचं सरकणं एकसारखं येऊ लागतं, हे आम्हाला ६० दांडे दाबून कळलं. आता पहिल्या तापवणीत बदल ९० च्या आसपास सुरू होतो आणि मान १०० ते ११० मध्ये तुटते.

कस्टमरला पटवायला वेगळे चार महिने लागले. त्यांच्या कागदात ‘सुरुवातीचं तापमान ८० च्या वर’ असं लिहिलेलं, आणि आमच्या सर्टिफिकेटवर ७०. वाद घालण्यात अर्थ नव्हता. आम्ही पाच व्हॉल्व्ह ८० अंशांवर २४० तास ठेवले, त्यांचा माणूस येऊन सील लावून गेला. अकराव्या दिवशी सील काढली, हेलियम लीक डिटेक्टर लावला. काटा जागचा हलला नव्हता. मग पाचही तापवले, पाचही तुटले. त्यानंतर कागद बदलला.

एक मर्यादा मी प्रत्येक कस्टमरला पहिल्याच भेटीत सांगते. आमचा व्हॉल्व्ह सावकाश आहे. २५ वॅटचा हीटर २० ग्रॅमच्या दांड्याला दोन ते तीन मिनिटं घेतो, यान गारठलेलं असेल तर आणखी. ज्याला क्षणात नळी उघडायची आहे त्याने पायरोच घ्यावा. एक ऑर्डर आम्ही याच कारणाने परत केली. ते दिवस ओढगस्तीचे होते, तरी तो निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं.

आमचं काम खरं वाढलं ते उपग्रहाच्या सुरुवातीसाठी नाही, शेवटासाठी. आयुष्य संपलेल्या यानात उरलेलं इंधन आणि दाब धोक्याचा असतो. १६ ऑक्टोबर २०१२ ला ब्रीझ-एम हा रशियन रॉकेटचा वरचा टप्पा असाच कक्षेत फुटला. ऑगस्टमधल्या फसलेल्या उड्डाणानंतर टनावारी इंधन त्याच्यातच राहिलं होतं. त्याचे तुकडे कक्षेत विखुरले. अवकाशसंस्थांच्या २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी साठलेली ऊर्जा शेवटी काढून टाकायला सांगितलं आहे. त्यासाठी टाकी रिकामी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि तिथे घाई कुणालाच नसते. तीन मिनिटं लागली तरी चालतात. मात्र तो पंधरा वर्षं पडून राहून मग चालला पाहिजे.

पंधरा वर्षं थांबून चाचणी घेता येत नाही. म्हणून पहिल्या अशा ऑर्डरच्या वेळी, ४ वर्षांपूर्वी, यानात गेलेल्या दांड्यांच्याच बारमधून आम्ही १६ जोडीदार दांडे बनवले. त्याच दिवशी, त्याच प्रेसवर, काकांच्याच हाताने दाबलेले. त्यांच्या माना त्याच टायटॅनियम बारच्या. एक लगेच तापवला, तो १०३ अंशांना तुटला. बाकीचे कपाटात ठेवले, प्रत्येकावर नंबर आणि दाबल्याची तारीख. दर वर्षी त्या तारखेला एक काढतो. सगळे काम थांबवून चेंबरभोवती उभे राहतात, काका आता निवृत्त झालेत तरी त्या दिवशी येतात आणि टेबलावर कोपर टेकवून बसतात. या वर्षीचा १०४ ला तुटला. कपाटात अजून ११ आहेत.